सुरक्षा आणि प्रायव्हसीचं संशोधन: कोडिंग शिकू की कायदा?

प्रश्न असा आहे: ‘मी नांदेडला कम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गाव सेलू तालुक्यातलं, शाळा मराठी माध्यमाची. मला सायबर सिक्युरिटी आणि प्रायव्हसीच्या धोरणांवर संशोधन करायचंय. घरचे म्हणतात एमपीएससी कर, नाहीतर पुण्याला कंपनी बघ. यात खरंच करिअर आहे का? वकिलीही शिकावी लागते का? आणि इथे राहून काही सुरुवात करता येईल का?’

करिअर आहे. वकिली शिकावी लागत नाही, पण कायदा मुळातून वाचावा लागतो. आणि सुरुवात इथे राहूनच करावी, असं माझं ठाम मत आहे. मीही मराठवाड्यातलीच, अंबाजोगाईची. बरीच वर्षं याच क्षेत्रात काम करते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हे काम काय असतं ते एका उदाहरणावरून सांगते. तुझ्या गावात बँक मित्र असेल. त्याच्याकडे जायचं, आधार नंबर आणि बँकेचं नाव सांगायचं, छोट्या मशीनवर थंब लावायचा, पैसे हातात. याला आधार एनेबल्ड पेमेंट सिस्टिम म्हणतात, एईपीएस. पिन नाही, ओटीपी नाही, एका व्यवहारात दहा हजारांपर्यंत रक्कम. निराधार योजनेचे पैसे काढायला जिला तालुक्याच्या शाखेत दिवसभर बसावं लागायचं, त्या म्हातारीला विचार, ही सोय तिच्यासाठी किती मोठी आहे. त्यामुळे ही व्यवस्था बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. पण तिच्यातून चोरी कशी होते ते बघ.

इथे ठसा हाच पासवर्ड. तो बदलता येत नाही आणि माणूस जिथे अंगठा उठवतो तिथे तो मागे राहतो. वेगवेगळ्या राज्यांत पोलिसांनी उघडकीस आणलेल्या प्रकरणांत जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरचे ठसे उचलून, ते रबरावर किंवा सिलिकॉनवर उमटवून खात्यातून पैसे काढलेले आढळले. सुरक्षेचा संशोधक इथे पहिला प्रश्न विचारतो: समोर जिवंत बोट आहे की रबर, हे मशीनला कळतं का? आधार देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ठशाच्या रेषांबरोबर बोटाची प्रतिमाही तपासण्याची पद्धत आणली, ती याच प्रश्नावरचं उत्तर म्हणून. ही तपासणी किती खोटे ठसे पकडते आणि किती खऱ्या माणसांना नाकारते, हे दोन्ही आकडे एकत्र मोजावे लागतात. कोयता धरून आणि मोळ्या बांधून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत, त्यांचा थंब रेशन दुकानातही वेळेवर लागत नाही. तपासणी कडक केली की चोर अडतो, आणि बीडचा ऊसतोड कामगारही अडतो. किती चोर अडण्यासाठी किती कामगार अडले तर चालतील, हे कोणतंही मशीन ठरवू शकत नाही. तिथून धोरण सुरू होतं.

पुढचे प्रश्न तर मशीनच्या बाहेरचेच. दस्ताची प्रत लोकांना दिसायला हवी हे मान्य, पण तिच्यावरचा ठसा का झाकला नाही? खातेदाराने न मागता ही सेवा त्याच्या खात्यावर सुरू का असते? आणि पैसे गेलेच तर ते कोणाचे गेले? रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने नियम घालून दिला की चूक बँकेची नसेल, ग्राहकाचीही नसेल, तर बँकेकडून व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केल्यास ग्राहकाला तोटा सोसावा लागत नाही. चार ते सात दिवसांत केली तर काही मर्यादेपर्यंत सोसावा लागतो. कागदावर चांगलं आहे. आता धारूर-वडवणीकडची ऊसतोडीची एखादी टोळी डोळ्यांसमोर आण. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन माणूस कर्नाटकात किंवा कोल्हापूरकडे कारखान्यावर गेला. बँकेत दिलेला मोबाइल नंबर दोन सिमकार्डांपूर्वीचा, किंवा अर्ज भरणाऱ्या सेवा केंद्रवाल्याचाच. एसएमएस गेला, पण कोणाला? मार्चमध्ये तो गावी येऊन पासबुक भरून घेतो तेव्हा त्याला कळतं. त्याचे तीन दिवस कधी सुरू झाले? माझ्या दृष्टीने हा अस्सल संशोधनाचा प्रश्न आहे. तो दिल्लीत बसून नियम लिहिणाऱ्याला सुचणं अवघड आहे, तुला तो घरबसल्या सुचतो.

इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठाचे दिवंगत प्राध्यापक रॉस अँडरसन यांनी नव्वदच्या दशकात एटीएमच्या फसवणुकींचा अभ्यास केला होता. अमेरिकेत वादग्रस्त व्यवहारात ग्राहक चुकीचा आहे हे बँकेने सिद्ध करायचं, नाहीतर पैसे परत. ब्रिटनमध्ये बँका ‘आमची यंत्रणा चुकूच शकत नाही’ म्हणून ग्राहकालाच खोटं ठरवू शकत होत्या. अपेक्षा अशी की अमेरिकन बँकांना सुरक्षेवर जास्त खर्च करावा लागत असेल. २००१ च्या निबंधात त्यांनी उलटंच दाखवलं: अमेरिकन बँकांचा खर्च कमी होता आणि तो जास्त कामी येत होता. तोटा ज्याच्या माथी येणार नाही, तो कुलूप नीट लावत नाही. गणित आणि कोड कितीही पक्कं असलं तरी हा हिशोब चुकला की व्यवस्था गळते. मी कोणतीही नवी योजना, नवं अॅप किंवा नवा कायदा हातात घेतला की आधी हेच शोधते: बिघडलं तर भरणार कोण? या करिअरमध्ये सगळं शिकून झाल्यावरही रोज उपयोगी पडतो तो हाच एक प्रश्न.

आता तुझा मुख्य प्रश्न, कोडिंग की कायदा. आधी तांत्रिक पाया, आणि तो खोल. ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क, डेटाबेस, क्रिप्टोग्राफी (माहिती सांकेतिक रूपात बंद करण्याचं शास्त्र) हे विषय परीक्षेपुरते न उरकता हाताने करून बघ. याबरोबर संख्याशास्त्र, ज्याकडे आपल्याकडची इंजिनिअरिंगची मुलं सर्रास दुर्लक्ष करतात. कारण सांगते. धोरणाच्या बैठकीत कंपनीचा किंवा खात्याचा माणूस म्हणतो, ‘डेटा एन्क्रिप्टेड आहे.’ कुठे एन्क्रिप्टेड आहे, ते उघडायची किल्ली कोणाकडे आहे, लॉगमध्ये म्हणजे यंत्रणेच्या नोंदवहीत काय उरतं, हे विचारता आलं नाही तर तुझं धोरणाचं ज्ञान तिथेच संपतं. समोरचा सांगेल ते खरं मानण्याशिवाय पर्याय राहत नाही.

तांत्रिक माणूस कायद्यावर कसा परिणाम करतो याचं सगळ्यात चांगलं उदाहरण लतान्या स्वीनी यांचं. १९९७ च्या सुमारास त्या एमआयटीत विद्यार्थिनी होत्या. मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या दवाखान्याच्या नोंदी नावं काढून संशोधकांना दिल्या होत्या. गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी लोकांना हमी दिली होती की कोणाची ओळख उघड होणार नाही. स्वीनी यांनी २० डॉलर भरून त्याच राज्यातल्या केंब्रिज शहराची मतदार यादी घेतली आणि जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड जुळवले. गव्हर्नरच्या जन्मतारखेचे शहरात सहा जण, त्यांत तीन पुरुष, त्यांच्या पिनकोडात ते एकटेच. त्यांची वैद्यकीय नोंद सापडली. पुढे आरोग्य माहितीच्या अमेरिकन नियमांत हे काम विचारात घेतलं गेलं, आणि २०१४ मध्ये स्वीनी फेडरल ट्रेड कमिशन या तिथल्या ग्राहक संरक्षण बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या मुख्य तंत्रज्ञ झाल्या. त्यांच्या हाती दोन याद्या आणि साधी जुळणी होती. पण ती जुळणी स्वतः करून दाखवली म्हणून कायदा करणाऱ्यांना मान्य करावं लागलं.

हीच जुळणी आपल्याकडे किती सोपी आहे ते बघ. दोन हजार वस्तीचं गाव घे. त्यात बायका हजारेक. एका ठरावीक वर्षी जन्मलेल्या पंधरा-वीस. त्यांतल्या विधवा एखाद-दोन. ऊसतोडीला जाणारी एकच. यादीत नाव नसलं तरी पारावर बसलेला कोणीही सांगेल की ही अमक्याची सून. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला, सरकारने समिती नेमली. ती माहिती बाहेर येणं अत्यंत गरजेचं होतं. पण अशी माहिती गाववार आणि वयवार तक्त्यात छापली, तर त्या बाईचं दुखणं साऱ्या गावाला कळतं. मग तालुका पातळीवर द्यायची का, लहान आकडे झाकायचे का, की आकड्यांत मोजून थोडी गडबड मिसळायची? यातल्या शेवटच्या उपायाला डिफरेन्शियल प्रायव्हसी म्हणतात. २००६ मध्ये सिंथिया ड्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते गणित मांडलं आणि अमेरिकेने २०२० च्या जनगणनेत ते वापरलं. लहान गावांच्या आकड्यांवर त्याचा काय परिणाम होतो यावर तिकडे जोरदार वाद झाला. आपल्या वाड्या-तांड्यांच्या आकड्यांवर काय होईल, यावर काम करायला भरपूर जागा आहे.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेव. प्रायव्हसीचा अभ्यास करणारे कधी कधी सगळंच झाकायला निघतात, आणि ते आपल्या भागाला परवडणारं नाही. १९७२ च्या दुष्काळातून महाराष्ट्राची रोजगार हमी उभी राहिली. पुढे केंद्राच्या कायद्यात हजेरीपटावरची नावं, दिवस आणि मजुरी लोकांसमोर खुली राहिली, म्हणून खोट्या मजुरांची बिलं पकडता आली. ते झाकलं तर गुत्तेदाराचंच भलं होईल. दुसरीकडे, २०१७ मध्ये बंगळुरूच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीने दाखवलं की रोजगार हमी आणि पेन्शन योजनांसह चार सरकारी पोर्टलांवरून सुमारे १३ कोटी लोकांचे आधार क्रमांक उघडे पडले असावेत, त्यांत बँक खात्याचे तपशीलही होते. मजुराचं नाव आणि मजुरी दिसली पाहिजे, खाते क्रमांक आणि आधार दिसता कामा नये. अशी रेघ ओढणं आणि ती तिथेच का, हे पुराव्यानिशी सांगणं हे आपलं काम. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(जे) मध्ये जो बदल केला, त्यावरचा वाद हाच आहे. मला तो बदल चुकीचा वाटतो. वैयक्तिक माहितीपेक्षा लोकहित मोठं असेल तर ती द्या, असं त्या कलमातच लिहिलेलं होतं. ते तिथून गेलं आहे.

कायदा किती वाचायचा? सुरुवातीला तीन गोष्टी पुरेत, पण त्या बातम्यांतून वाचू नकोस. २४ ऑगस्ट २०१७ चा पुट्टस्वामी खटल्यातला नऊ न्यायाधीशांचा निकाल, ज्याने प्रायव्हसी हा मूलभूत हक्क ठरवला. ५४७ पानं आहेत, उन्हाळ्याच्या सुट्टीत होतात. दुसरा, २००० चा माहिती तंत्रज्ञान कायदा. तिसरा, ऑगस्ट २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेले त्याचे नियम. सुरक्षेत हयगय केल्यास २५० कोटींपर्यंतचा दंड सगळ्यांच्या तोंडी असतो. मी म्हणेन कलम ७ आधी वाच. अनुदान किंवा लाभ देण्यासाठी सरकार काही अटींवर संमतीशिवायही माहिती वापरू शकतं, असं ते सांगतं. कृषी विभागाच्या अॅग्रीस्टॅकची महाराष्ट्रातली प्रायोगिक अंमलबजावणी बीड जिल्ह्यात झाली. शेतकऱ्याची जमीन, पीक आणि ओळख एका क्रमांकाखाली येते आहे. तिथे त्याने ‘नाही’ म्हटलं तर काय होतं, हा प्रश्न विचारायला हे कलम कळावं लागतं. अडलं तर छत्रपती संभाजीनगरला महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे. तिथल्या एखाद्या विद्यार्थ्याशी जोडी जमव. तू त्याला नेटवर्क समजावून सांग, तो तुला कलम कसं वाचायचं ते सांगेल. माझं कायद्याचं शिक्षण बरंचसं असंच झालं.

आता एक धोक्याची सूचना. दुसऱ्याच्या यंत्रणेत परवानगीशिवाय शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली येतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘मी भल्यासाठी केलं’ म्हणणाऱ्या संशोधकाला आपल्या कायद्यात स्पष्ट सूट नाही. हैदराबादचे हरी प्रसाद यांनी २०१० मध्ये परदेशी सहकाऱ्यांबरोबर मतदान यंत्रातल्या त्रुटींवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. अभ्यासाला वापरलेलं यंत्र कुठून आलं या कारणावरून त्याच वर्षी त्यांना अटक झाली. म्हणून कॉलेजच्या पोर्टलमध्ये किंवा जिल्हा परिषदेच्या साइटवर भोक दिसलं तरी आत जाऊन डेटा उतरवायचा नाही, मित्रांना दाखवायचा नाही. दिसलं तेवढं नोंदवून सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवायचं, आणि कळवल्याची तारीख जपून ठेवायची. सराव करायचा तो स्वतःच्या मशीनवर, स्वतःच्या खात्यावर, किंवा लेखी परवानगी असेल तिथेच. मोठ्या शहरांत सहा आठवड्यांत एथिकल हॅकर बनवणारे क्लास आहेत. तिथे टूल चालवायला शिकवतात, संशोधन शिकवत नाहीत. त्या फीच्या पैशात एक जुना लॅपटॉप घेऊन त्यावर लिनक्स टाक.

पैशाचं स्पष्ट बोलायला हवं, कारण घरच्यांची काळजी खरी आहे. गेट ही प्रवेश परीक्षा देऊन एमटेकला गेलीस तर महिन्याला १२,४०० रुपये मिळतात. पीएचडीला जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये, वर घरभाडं भत्ता. कंपनीत गेलेल्या मैत्रिणी तोवर पुढे गेलेल्या असतील, हे मनाशी मान्य करूनच ये. नंतरच्या वाटा मात्र बऱ्याच आहेत: विद्यापीठं, पुण्याची सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था, बँका आणि कंपन्यांमधली प्रायव्हसी इंजिनिअरिंगची कामं, धोरणावर काम करणाऱ्या संस्था. नव्या कायद्यामुळे ज्या मोठ्या कंपन्यांना सरकार महत्त्वाच्या डेटाधारक म्हणून घोषित करेल, त्यांना डेटा संरक्षण अधिकारी आणि स्वतंत्र लेखापरीक्षक नेमावे लागतील. तंत्रज्ञाला थेट नियामक संस्थेत वरच्या पदावर बोलावण्याची पद्धत आपल्याकडे अजून रुजलेली नाही. ती रुजावी यासाठी आम्ही काही जण बोलत असतो. आयआयआयटी हैदराबादकडे आवर्जून बघ. नांदेडहून हैदराबाद पुण्यापेक्षा जवळ आहे, आणि तिथे सुरक्षेचं चांगलं काम चालतं. तिथले पोन्नुरंगम कुमारगुरू यांनी कार्नेगी मेलनमध्ये असताना लॉरी क्रेनर यांच्याबरोबर भारतीयांना प्रायव्हसीबद्दल काय वाटतं याचा अभ्यास केला होता. तो शोधून वाच. असे अभ्यास कसे मांडतात ते कळेल.

इंग्रजीची भीती मीही पाहिली आहे, आणि ती वाचनाने जाते. युसेनिक्स सिक्युरिटी आणि पेट्स या परिषदांचे निबंध फुकट वाचता येतात. आठवड्याला एक घे. पहिले काही महिने प्रस्तावना आणि निष्कर्ष एवढेच कळले तरी चालेल. मराठीचा उपयोग तर पुढे आहे. नव्या कायद्यानुसार संमतीची सूचना आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो, म्हणजे मराठीतही. ती मराठी सूचना परभणीच्या बचत गटातल्या बाईला कळते का, वाचून दाखवली तर कळते का, ‘मान्य’ दाबताना तिला काय वाटतं की आपण काय दिलं, हे तपासायला मराठी बोलणारा आणि संशोधनाची शिस्त असलेला माणूस लागणार आहे. अशी माणसं फार थोडी आहेत.

या वर्षी काय करायचं तेही सांगते. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला सगळे फेस रिकग्निशनची हजेरी किंवा चॅटबॉट घेतात. तू सेवा केंद्रावरचा कागद घे. लाडकी बहीण, पीकविमा, शेतकरी ओळख क्रमांक यांच्या अर्जांसाठी दिलेल्या आधारच्या झेरॉक्सचं पुढे काय होतं? अर्जात मोबाइल नंबर कोणाचा टाकला जातो? ओटीपी कोण वाचतं? शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार आणि ठशाचा वापर बंद ठेवणारं बायोमेट्रिक लॉक यूआयडीएआय फुकट देतं, ते कोणाला माहीत आहे आणि माहीत असूनही का वापरत नाहीत? वीस-तीस घरांशी नीट बोललीस तरी पुष्कळ हाती लागेल. सुरुवात करण्याआधी सरांकडून लेखी मान्यता घे. प्रत्येकाला मराठीत समजावून सांग की उत्तर न देण्याने काही बिघडणार नाही. कोणाचंही नाव, आधार किंवा खाते क्रमांक लिहून घेऊ नकोस, गावाचं नावही अहवालात नको. सेवा केंद्र चालवणाऱ्या पोरांशीही तेवढ्याच आदराने बोल. साइट चालत नाही, दारात रांग आहे, आजोबांना ओटीपी वाचता येत नाही, त्यात ते रात्रीपर्यंत बसलेले असतात. चोर शोधायला गेलीस तर कोणी काही सांगणार नाही.

एमपीएससीबद्दल घरी भांडू नकोस. गेटची तयारी आणि हा प्रोजेक्ट एका वर्षात बसतात. निकाल बघून पुढचं ठरवू, असं सांग. प्रोजेक्टचा आठ-दहा पानांचा अहवाल झाला की ज्या प्राध्यापकांकडे पीएचडी करावीशी वाटते त्यांना मेल कर. त्यात गुण आणि प्रमाणपत्रांची यादी शेवटी टाक. वर तुझा प्रश्न काय होता, तू काय मोजलंस आणि काय अनपेक्षित सापडलं, हे पाच-सहा ओळींत लिही, आणि त्यांचा एखादा निबंध खरोखर वाचला असशील तर त्यातली एक शंका विचार. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण दे, मग दुसऱ्या प्राध्यापकांना लिही.